अ.पा.क. आई : प्रभावतीगुप्ता



ज्या आजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्यांच्या लेकी निमंत्रण द्यायला आल्या तेव्हा त्यांची एकच अट होती. आईचे गुणगान करायचे नाही, तिला ते खपत नसे. मग बोलायचे कशावर? त्यांनी पिशवीतून एक जुना सातबारा काढून समोर ठेवला. त्यावर तीन अज्ञान मुलांची नावे होती आणि खाली तलाठ्याच्या अक्षरात 'अ.पा.क. आई' आणि पुढे आजींचे नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कर्ता पुरुष गेला, मुले लहान, जमीन मुलांच्या नावे झाली आणि आईचे नाव राखणदार म्हणून लागले. या सभागृहातल्या अनेकांच्या घरी असा कागद असेल. त्या तीन अक्षरांच्या मागे एका बाईने काय काय केलेले असते ते कागद सांगत नाही. बैल कुणी जुंपले, बांध कुणी कोरला, भाऊबंदांनी वाटणी कशी ताणली, सोसायटीचे कर्ज कुणी फेडले, यातले काहीच त्यात येत नाही. मुले सज्ञान झाली की फेरफार होतो, अ.पा.क. कमी होते आणि बाईचे नाव उताऱ्यावरून जाते. आजी त्यानंतर नर्मदा परिक्रमेला एकट्या निघून गेल्या, हे बहुतेकांना ठाऊक आहेच.

तो कागद पाहिला तेव्हाच विषय ठरला. विदर्भातल्या सगळ्यात जुन्या अ.पा.क. आईबद्दल आज बोलायचे आहे. ती सोळाशे वर्षांपूर्वीची. तिचे नाव प्रभावतीगुप्ता.

वाशीमकरांनी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रभावती नात्याने आपल्याला परकी नाही, पण सख्खीही नाही. वाकाटकांचा पहिला प्रवरसेन गेल्यावर घर फुटले. नातू रुद्रसेन नंदिवर्धनाला राहिला, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनला. मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मात वेगळी चूल मांडली. वत्सगुल्म म्हणजे हे आपले वाशीम. प्रभावती सून होऊन आली ती नंदिवर्धनच्या घरात. तेव्हा आपण वाशीमवाले तिचे भाऊबंद ठरतो. नवरा गेलेली, पदरी लहान लेकरे असलेली सून आणि शेजारी राज्य असलेले भाऊबंद, म्हणजे काय परिस्थिती असते ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. वत्सगुल्मवाल्यांनी तिला त्रास दिला असा एकही पुरावा नाही, हे मात्र आपल्या पूर्वजांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

ती आली पाटलिपुत्राहून. बाप गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, ज्याला पुढच्या परंपरेने विक्रमादित्य म्हटले. आई कुबेरनागा, नाग कुळातली. पाटणा ते रामटेक आजच्या रस्त्यांनीही हजाराच्या आसपास किलोमीटर पडते. मध्ये विंध्य, सातपुडा आणि नर्मदा. लग्नाचा हेतू राजकारणाचा होता यात शंका नाही. पश्चिमेकडे माळवा आणि सौराष्ट्रात शक क्षत्रप होते, त्यांच्यावर स्वारी करायची तर बगलेला असलेले वाकाटक मित्र हवेत. व्हिन्सेंट स्मिथने १९१४ साली हा मुद्दा मांडला आणि तेव्हापासून प्रभावतीचे चरित्र याच एका वाक्यात आटोपायची रीत पडली आहे. चंद्रगुप्ताने मुलगी दिली, जावई लवकर मेला, मुलीने बापाच्या सल्ल्याने राज्य सांभाळले, बापाने शक जिंकले, संपले. बहुतेक पुस्तकांत प्रभावती एवढीच सापडते. अनंत सदाशिव आळतेकरांसारख्या थोर विद्वानानेही तिच्या कारभारामागे पाटलिपुत्राहून आलेले अधिकारी पाहिले. माझे आजचे म्हणणे त्याच्या उलट आहे, आणि ते मी तिच्याच कागदपत्रांवरून मांडणार आहे.

नवरा दुसरा रुद्रसेन. त्याचे राज्य फार थोडी वर्षे टिकले. पाचव्या शतकाच्या तोंडावर तो गेला आणि प्रभावतीच्या पदरी तीन मुले राहिली, दिवाकरसेन, दामोदरसेन आणि प्रवरसेन. एक मुलगीही होती. तिच्याकडे नंतर येऊ, कारण आजच्या कार्यक्रमाशी तिचे नाते फार जवळचे आहे.

त्या काळात राजाच्या विधवेपुढे काय काय वाटा असतील याचा विचार करा. सतीची नोंद असलेला जुना शिलालेख मध्य प्रदेशात एरणला आहे, इसवी सन ५१० चा. म्हणजे ती कल्पना हवेत होती. माहेरी परत जाणे शक्य होते. माहेर सम्राटाचे होते. प्रभावती यातल्या कुठल्याच वाटेने गेली नाही. ती नंदिवर्धनात राहिली आणि गादीचा वारस असलेल्या पोरासाठी राज्य चालवू लागली.

तिच्या या कारभाराचा पहिला कागद पुण्यात सापडला, तोही तांबटाच्या घरी. घराणे मूळचे नगरचे, ताम्रपट पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे पडून होता. तांबे वितळवणे हाच ज्यांचा धंदा त्यांच्याकडे तो शाबूत राहिला, हे आपले नशीब. का. बा. पाठकांनी त्याचे वाचन केले आणि वाकाटकांच्या इतिहासाचा कालक्रम त्यामुळे जाग्यावर आला. गुप्त आणि वाकाटक एकमेकांचे समकालीन होते हे तोवर पक्के नव्हते. आज आपण 'पुणे ताम्रपट' म्हणतो तो हा. त्यावर साल आहे तेरावे.

हा ताम्रपट जरा जवळून पाहू. सगळ्या वाकाटक ताम्रपटांची सुरुवात ठरलेली असते. पहिल्या प्रवरसेनाने अग्निष्टोम केला, आप्तोर्याम केला, वाजपेय केला, चार अश्वमेध केले; मग त्याचा नातू, त्याचा मुलगा अशी वंशावळ खाली उतरत येते. तेरा वर्षे त्या घरात राज्य करणारी ही बाई मात्र आपल्या ताम्रपटात सासरच्या वंशावळीचे एक अक्षर लिहीत नाही. ती सुरुवात करते गुप्तांपासून. आधी घटोत्कच, मग चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, आणि शेवटी आपला बाप. त्यानंतर स्वतःबद्दल. आपले गोत्र धारण, असे ती सांगते. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. लग्न झाल्यावर बाईचे गोत्र नवऱ्याचे होते, हे आजही कुठल्याही पत्रिकेत दिसते. प्रभावतीने राजमुद्रा मारलेल्या सरकारी कागदावर माहेरचे गोत्र कायम ठेवले.

आणि मग ती आईचे नाव घेते. कुबेरनागेच्या पोटी जन्मलेली, नाग कुळातल्या आईची. दोन्ही कुळांना भूषण असलेली, असे स्वतःबद्दल म्हणते. नवरा रुद्रसेन, त्याची अग्रमहिषी. मुलगा युवराज दिवाकरसेन, त्याची आई. एवढा परिचय दिल्यावर मुद्द्याला हात घालते.

मुद्दा अगदी साधा आहे, एका गावाचे दान. गावाचे नाव दंगुण. वा. वि. मिराशींच्या मते ते म्हणजे वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट. सातबाऱ्याला चतुःसीमा असते तशी इथेही आहे. गाव विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. दान घेणारा चनालस्वामी नावाचा ब्राह्मण. मग सवलतींची लांबलचक यादी येते, आणि मला खरा कारभार इथे दिसतो. या गावात सरकारी शिपाई, प्यादे शिरणार नाहीत. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांना बसायला चामडे, शेकोटीला कोळसा, घोड्यांना चारा पुरवायची गावावर सक्ती नाही. दूध, फुले मागायची नाहीत. मीठ आणि दारूच्या हक्कांची वसुली नाही. जमिनीत गुप्तधन सापडले तर ते दान घेणाऱ्याचे. ही यादी वाचली की इतर गावांना काय काय द्यावे लागत असेल तेही कळते. वाकाटकांच्या दानपत्रांत ही कलमे ठरीवच आहेत, प्रभावतीने ती नवीन काढली नाहीत. पण कुठल्या गावाला ती लावायची याचा हुकूम तिचा होता, आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा करायचा दमही तिचाच.

ताम्रपटाच्या मुद्रेवर युवराजाच्या आईचे शासन असे लिहिले आहे, आणि ते शत्रूंवर शासन करणारे आहे असेही. मुलाच्या वतीने कारभार करणारी बाई मुद्रेवर मुलाचे नाव घालू शकली असती. तिने मुलाचे नावही घातले नाही, नवऱ्याचेही नाही. आई म्हणून तिचा जो अधिकार, त्याच्यावर शिक्का बसला.

आता आक्षेप. वंशावळ गुप्तांची, अक्षरही गुप्तांकडचे. वाकाटकांची अक्षरे पेटिकाशीर्ष, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारीक चौकोनी पेटी. पुणे ताम्रपटातली बहुतेक अक्षरे खिळ्याच्या डोक्यासारखी, उत्तरेकडच्या वळणाची. यावरून विद्वान म्हणतात, लिहिणारा कारकून पाटलिपुत्राचा होता, म्हणजे राज्य बापाच्या हाती होते. कारकून तिकडचा असेलही. सासरी येताना माणसे, दागिने, देव सगळे माहेरून आले, तसा लिहिणाराही आला असेल. पण कारकुनाच्या वळणावरून मालक ठरत नाही. ठरत असता तर इंग्रजी अमदानीतली मोडीतली निम्मी कागदपत्रे वाचून आपण वऱ्हाडावर पुण्याचे राज्य होते म्हणालो असतो.

याहून भक्कम पुरावा पुढच्या ताम्रपटांत आहे. त्याआधी मात्र एक दुःखाची गोष्ट येते. तेराव्या वर्षीही दिवाकरसेन युवराजच आहे. त्याच्यासाठी आईने तेरा वर्षे राज्य राखले आणि तो राजा झाल्याची एकही नोंद नाही. नंतरच्या कागदांत त्याचे नावच येत नाही. काही अभ्यासकांनी दिवाकरसेन आणि दामोदरसेन एकच असे म्हणून हा पेच सोडवायचा प्रयत्न केला; बहुतेकांना ते पटलेले नाही. थोरला गेला, असेच धरावे लागते. मग दामोदरसेन गादीवर आला, आणि त्याच्यामागून धाकटा प्रवरसेन.

प्रवरसेन सज्ञान होऊन गादीवर बसला म्हणजे सातबाऱ्यावरून आईचे नाव कमी व्हायला हवे होते. तसे झाले नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला ताम्रपट प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. राजा तो, साल त्याचे, पण दान देणारी आई. भंडारा जिल्ह्यात मिरेगावला सापडलेला ताम्रपट त्याच्या पुढच्या वर्षीचा, विसाव्या वर्षाचा. तिथेही तीच देते. मिरेगावच्या मुद्रेत तर ती दोन पराक्रमी वाकाटक राजांची आई म्हणून उभी आहे. आणि या दोन्ही वेळी बाप जिवंत नव्हता. चंद्रगुप्ताचा शेवटचा ज्ञात काळ इसवी सन ४१२-१३ आहे. ४१५ ला त्याचा मुलगा कुमारगुप्त गादीवर दिसतो. प्रवरसेनाचे एकोणिसावे वर्ष कुठल्याही कालगणनेने त्याच्या बरेच नंतर पडते. ज्याच्या सल्ल्याने ती चालत होती असे म्हणतात तो बाप गेल्यावर, मुलगा चांगला कर्ता झाल्यावरही, ही बाई आपल्या नावाने गावे दान देते, अजून माहेरचीच वंशावळ लिहिते आणि अजून धारण गोत्रच सांगते. याला बापाचे राजकारण म्हणता येत नाही. ही तिची स्वतःची सवय होती, आणि आयुष्यभर तिने ती सोडली नाही.

रिद्धपूरबद्दल जाता जाता एक. श्रीगोविंदप्रभूंचे, महानुभावांचे ते गाव. मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा तिथे वावरली. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच उभे राहिले आहे. त्याच मातीत प्रभावतीचा तांबडा कागद निघावा, हा योगायोग मला आवडतो. त्यावर काही सिद्धांत मात्र बांधणार नाही.

रिद्धपूरच्या ताम्रपटात ती आजी आहे. तिथे तिचे एक विशेषण आहे, साग्रवर्षशतजीवपुत्रपौत्रा. यावरून संशोधकांत बराच काथ्याकूट झाला. काहींनी अर्थ घेतला, शंभरावर वर्षे जगलेली आणि मुले-नातवंडे हयात असलेली. इतरांनी म्हटले, छे, शंभर वर्षांचा हिशेब बसत नाही. मुले-नातवंडे शंभरावर वर्षे जगोत असा तो आशीर्वादाचा प्रकार आहे. मला दुसरा अर्थ बरोबर वाटतो. थोरल्याचे नाव आधीच गळालेले, दामोदरसेनही गादीवरून गेलेला. दोन मुलांच्या मागे राहिलेली बाई कागदावर मुले-नातवंडे शंभर वर्षे जगोत असे लिहून घेते, यात नवल ते काय? दानपत्रात असे लिहायची गरज नव्हती. एरवीच्या वाकाटक ताम्रपटांत असले काही येत नाही. तिचा नातू, प्रवरसेनाचा मुलगा नरेंद्रसेन, पुढे गादीवर आला. त्याच्या मुलाच्या ताम्रपटात कोसल, मेकल आणि माळव्याचे राजे नरेंद्रसेनाच्या आज्ञा मानत, असे लिहिले आहे.

ती देवभक्त होती, विष्णूची. स्वतःला अत्यंत भगवद्भक्त म्हणवते. वाकाटक मुळात शैव. नवरा रुद्रसेन मात्र चक्रपाणीचा भक्त झालेला दिसतो आणि त्यामागे बायको असावी असे सगळेच मानतात. रिद्धपूरचे दान रामगिरीस्वामीच्या पायांपाशी, म्हणजे रामटेकला झाले. तिच्या दानपत्रांत कार्तिक शुद्ध द्वादशी येते. आदल्या दिवशी एकादशी, प्रबोधिनी. म्हणजे उपास करून, बारस सोडताना गाव दान दिले. आपल्याकडे कार्तिकीची बारस सोडताना ज्या म्हाताऱ्या आजही पाटावर बसतात त्यांना ही बाई परकी वाटू नये. धाकटा प्रवरसेन शिवाचा भक्त निघाला, तरी प्राकृतात काव्य लिहायला बसला तेव्हा त्याने विषय घेतला रामाचा. 'सेतुबंध' हे ते काव्य. आईचे रामटेक त्यात कुठेतरी असणारच. कालिदास, मेघदूत आणि रामगिरी यांची चर्चा इथे मुद्दाम टाळतो. तो विषय निघाला की प्रभावती पुन्हा कोपऱ्यात जाते, हा अनुभव आहे.

नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्यात मातीची एक लहान मुद्रा निघाली. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन ६.४० ग्रॅम. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी. लंबगोल, तिच्यावर एक शंख आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचे नाव. पत्र किंवा गाठोडे दोरीने बांधायचे, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर शिक्का मारायचा, त्यातला हा प्रकार. ताम्रपट दरवर्षी थोडेच कोरतात. हे मातीचे शिक्के रोजच्या कामाचे. रोजची पत्रे तिच्या नावाने बंद होऊन बाहेर पडत होती, याचा हा पुरावा. सगळ्या ताम्रपटांपेक्षा मला ही ६ ग्रॅम माती जास्त पटते.

आता त्या मुलीकडे वळू.

रामटेकच्या डोंगरावर नरसिंहाची दोन जुनी मंदिरे आहेत, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. केवल म्हणजे एकटा. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, नुसता बसलेला प्रचंड देव. या मंदिराच्या भिंतीतला एक दगड कित्येक वर्षे चुन्याखाली झाकला होता. १९८० च्या दशकात चुना निघाला आणि खाली शिलालेख दिसला. अ. प्र. जामखेडकरांनी त्याकडे लक्ष वेधले. पुढे हॉलंडचे हान्स बाक्कर आणि हारुनागा आयझॅक्सन यांनी १९९३ साली त्याचे सविस्तर वाचन छापले. दगड फार झिजलेला आहे. ओळी तुटक आहेत, मध्येच अक्षरे गळतात. पण जे हाती येते ते विलक्षण आहे.

लेख लिहवून घेणारी आहे प्रभावतीची मुलगी. त्यात चंद्रगुप्त येतो, रुद्रसेन येतो, प्रभावती येते. बाक्कर आणि आयझॅक्सन यांच्या वाचनाप्रमाणे या मुलीचे लग्न माहेरच्या, म्हणजे आईच्या माहेरच्या घटोत्कच नावाच्या राजपुत्राशी झाले होते. मामाकडे मुलगी देण्याची चाल आपल्याला नवी नाही. पुढे काही विपरीत घडले, आणि भावाने तिला जोर लावून परत आणले. गुप्तांच्या घरातल्या वारसाहक्काच्या भांडणात नवरा हरला असावा, असा त्यांचा तर्क. एवढे दिसते की मुलगी माहेरी परत आली. आई गेल्यावर तिने आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधले आणि देवाला आईचे नाव दिले, प्रभावतीस्वामी. एक तळेही बांधले. तळ्याचे नाव सुदर्शन.

विदर्भात आईच्या स्मरणार्थ लेकीने केलेले, लेखी पुरावा असलेले एवढे जुने दुसरे काम मला माहीत नाही. नवऱ्याच्या, बापाच्या, गुरूच्या नावाने देवळे पुष्कळ. मुलगे आईच्या नावाने दाने देतात, त्याचेही लेख आहेत. इथे राज्य भावाचे; पण स्मारक बांधणारी बहीण, आणि तीसुद्धा सासरहून परत आलेली. अशा बाईला आजही गावात काय काय ऐकावे लागते ते आपण जाणतो. तिने आल्यावर जे केले ते दगडावर लिहवले.

हा लेख आणि पुणे ताम्रपट शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक होते. गुप्तांच्या स्वतःच्या शिलालेखांत कुबेरनागेचे नाव नाही. तिथे चंद्रगुप्ताची राणी म्हणून ध्रुवदेवी येते, कारण पुढचा राजा तिच्या पोटचा. कुबेरनागा ही बाई होऊन गेली, हे आपल्याला केवळ तिच्या लेकीने विदर्भात लिहवून घेतलेल्या ताम्रपटांमुळे कळते. गुप्तांचे गोत्र धारण होते, हेही त्यांच्या कोणत्याही मोठ्या स्तंभावर नाही. तेही प्रभावतीमुळेच ठाऊक झाले. म्हणजे प्रभावतीने आपल्या आईचे नाव राखले, आणि प्रभावतीच्या लेकीने प्रभावतीचे. मात्र या लेकीचे स्वतःचे नाव दगड फुटल्यामुळे धड वाचता येत नाही. बाक्करांनी एक नाव सुचवले आहे, पण ते अंदाजाने. मी ते इथे उच्चारत नाही. तिच्या नावाची जबाबदारी कुणी घेतली नाही, असे म्हणू. तिला मुलगी असती तर तिने घेतली असती का? या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही, पण सभागृहातल्या लेकींनी त्यावर विचार करायला हरकत नाही.

आता वाशीमकरांना त्या सुदर्शन तळ्याचे काय? सांगतो. आपल्या जिल्ह्यात हिस्से-बोराळा आहे. तिथल्या शिलालेखात देवसेन राजाच्या काळात स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने तळे बांधल्याची नोंद आहे. साल शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५७-५८. वाकाटकांच्या साऱ्या लेखांत शकाचे साल दिलेला हा एकच लेख. आणि तळ्याचे नाव पुन्हा सुदर्शन. नंदिवर्धनच्या घरातल्या बाईने सुदर्शन बांधले आणि भाऊबंदांच्या राज्यात हिस्से-बोराळ्याला सुदर्शन झाले. त्याच सुमारास जुनागडचे मूळ सुदर्शन, मौर्यांच्या वेळचे, अतिवृष्टीने फुटले होते आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने ते नुकतेच बांधून काढले होते. हा स्कंदगुप्त कुमारगुप्ताचा मुलगा, म्हणजे प्रभावतीचा भाचा. एका पिढीत तीन ठिकाणी एकाच नावाच्या तळ्याचे काम होते तेव्हा नात्यागोत्यातून काहीतरी कानावर गेले असणार. भाऊबंदकीत बोलणे बंद असते, पण दुसऱ्याने काय बांधले याची खबर बरोबर लागते.

वाशीमवर बोलणारे लोक वत्सगुल्म म्हटले की राजशेखराची गोष्ट सांगतात. काव्यपुरुषाने इथे साहित्यविद्येशी लग्न केले, ती गोष्ट. छान आहे, सांगावी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा १९३९ मध्ये वाशीमला सापडलेला ताम्रपटही सांगावा. अजिंठ्याचे सोळावे लेणे इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरवले, तेही अभिमानाने सांगावे. फक्त आपल्या शाळांत वाकाटक शिकवताना यज्ञ करणारे राजे तेवढे येतात आणि चुना खरवडल्यावर दिसलेली ती बाई येत नाही. केवल नरसिंहाच्या लेखाचे सोपे मराठी भाषांतर आठवी-नववीच्या मुलांच्या हाती द्यावे असे माझे शिक्षकांना सुचवणे आहे. ओळी तुटलेल्या आहेत, तर त्या तुटलेल्याच छापाव्या. गाळलेल्या जागा कशा भरायच्या यावर पोरे बरोबर भांडतील.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी. शेलू बाजारला किंवा कारंज्याला समृद्धीवर चढलात की नागपूर लांब नाही, तिथून रामटेक पन्नासेक किलोमीटर. बहुतेक मंडळी सरळ गडमंदिरात जातात. नरसिंहाच्या देवळांपाशी थांबा. केवल नरसिंहाच्या आत अंधार असतो, सोबत बॅटरी असू द्या. दगडाला हात लावू नका, आधीच त्याची फार झीज झाली आहे. उजेड बाजूने तिरपा टाका, म्हणजे अक्षरांच्या कडा उठून दिसतात. ब्राह्मी वाचता येणारे कुणी सोबत असेल तर त्याला आधी 'प्र' शोधायला सांगा.

हिस्से-बोराळ्याला तर सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी येता येते. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाआधी निदान तेवढे करून या, मग तळ्यांवर बोलू. आता कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा.